फियॉर्ड नॉर्वेत, खारं पाणी आपल्या घरात!

नॉर्वेचा सोग्ने फियॉर्ड आपल्याला भूगोलात पाठ असतो. हिमनदीने दरी कोरली, समुद्र आत शिरला. लांबी 200 कि.मी.च्या वर, खोली सुमारे 1300 मीटर. मार्क मिळाले, विषय संपला. पण पूर्णेच्या खोऱ्याबद्दल कुणी विचारलं तर? आपण गप्प!

वडनेर भोलजी म्हटलं की हायवेवरचं गाव, पुढे नांदुऱ्याचा 105 फुटी मारुती, एवढंच लोकांना माहीत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधे पूर्णा. बैतूल जिल्ह्यात उगम पावून ती चांगदेवला तापीला मिळते. ही दरी बर्फाने नाही कोरली. जमीन भेगांवर खचली आणि खोलगट भाग गाळाने भरला. काही ठिकाणी हा गाळ 300 मीटरहून जाड आहे. म्हणजे आपण एका बुजलेल्या दरीवर राहतो, राव!

फियॉर्डमध्ये वर गोडसर पाण्याचा थर असतो, खाली खारं पाणी. आपल्या खारपाणपट्ट्यातही जमिनीखाली खारंच. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. चिकण माती, उतार कमी, निचरा नाही. त्यामुळे क्षार धुऊन जात नाहीत. नॉर्वेत त्या पाण्यावर पर्यटन चालतं. इथे बोअर मारला तरी माय-बहिणींच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. तेच पाणी पिकाला दिलं तर जमीन चोपण होते.

माझं म्हणणं एवढंच, की आणखी खोल बोअर हा यावर उपाय नाही. गोडं पाणी वरून येतं, पावसाचं. ते वरच अडवायला हवं. जी चिकण माती निचरा होऊ देत नाही, तीच शेततळ्यात पाणी धरून ठेवते. शत्रूलाच कामाला लावायचं! नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव धरणाचं काम आहे, पण त्याची वाट बघत गावानं छपरावरचं पाणी का सोडून द्यावं?

सिव्हिलवाल्यांनो, फायनल इयरचा प्रोजेक्ट बाजारातून विकत आणण्यापेक्षा एका गावाच्या विहिरींचे टीडीएस मोजा, छपरांचं क्षेत्रफळ काढा, टाकीचं डिझाईन करा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी स्वस्त मीटर बनवावा. सरांनीही अशा प्रोजेक्टला दोन मार्क जास्त द्यावेत.

फियॉर्ड जरूर बघू, पण आधी आपल्या गावची विहीर तर बघा!