आशाताईंचा रक्तदाब कोण मोजणार?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आशाताई घरोघरी जाऊन एक तक्ता भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि आई-वडिलांचे आजार यांना गुण द्यायचे. बेरीज चारच्या वर गेली, की त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्य. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची ही पहिली पायरी आहे. मात्र तक्ता भरणाऱ्या आशाताईंपैकीही अनेकींनी तिशी ओलांडलेली असते. त्यांचे गुण कोण मोजतो?

हृदयविकार टाळण्याची माहिती आरोग्य कर्मचाऱ्यांना नसते असे नाही. ५२ देशांतील रुग्णांच्या अभ्यासाचे, ‘इंटरहार्ट’चे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका बदलता येण्याजोग्या नऊ घटकांशी जोडलेला असल्याचे त्यात दिसले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, वाढलेले पोट आणि मानसिक ताण हे त्यांतले काही. ही यादी परिचारिकेला तोंडपाठ असते. अडचण असते ती रात्रपाळीची, चहा-बिस्किटांवर निभावलेल्या जेवणाची आणि सुट्टीच्या दिवशी आलेल्या फोनची.

कामाच्या तासांचा हृदयाशी थेट संबंध आहे. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा इस्केमिक हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्के, तर पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त असतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडला.

त्यात आणखी एक सवय भर घालते. दवाखान्यात काम करणारी माणसे स्वतःचा केसपेपर काढत नाहीत. डोके दुखले तर हाताशी असलेली गोळी घ्यायची आणि कामाला लागायचे. वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेच लक्षण दाखवत नाही. त्यामुळे तो वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

म्हणून केवळ भिंतीवरची पत्रके आणि जागतिक हृदय दिनाचे व्याख्यान पुरेसे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंची मासिक बैठक होते. रक्तदाबाचे यंत्र तिथेच असते. वर्षातून एका बैठकीची सुरुवात त्यांच्याच तपासणीने करता येईल. नोंद गोपनीय राहावी आणि उपचारांचा पाठपुरावा व्हावा, एवढे पाहायला हवे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, असे सांगणाऱ्या रुग्णालयाच्या उपाहारगृहात वडा-फरसाणाबरोबर फळे आणि साधे जेवणही मिळायला हवे. पाळ्या ठरवताना झोपेचा विचार व्हायला हवा. स्वतःची गोळी नियमित घेणाऱ्या ताईंचा सल्ला रुग्णालाही अधिक पटेल.

रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे लागते. आरोग्य कर्मचाऱ्यांना ही पाच मिनिटे मिळवून देणे, हे आता त्यांना पुन्हा तीच माहिती सांगण्यापेक्षा अधिक गरजेचे आहे.