निष्ठेची अट खेळाडूलाच का?

४ जुलै २०१६ रोजी बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरंटने ओक्लाहोमा सिटी थंडर सोडून गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे जात असल्याचं जाहीर केलं आणि ओक्लाहोमात त्याच्या जर्सी पेटल्या. पाठीत खंजीर खुपसला, असं लोक म्हणत होते. राग येण्यासारखं होतंच. ज्या वॉरियर्सनी पाचच आठवड्यांपूर्वी थंडरला बाहेर काढलं होतं, त्यांनाच तो जाऊन मिळाला होता. मी पुण्यात शाळकरी मुलींना बास्केटबॉल शिकवते. आमच्या मैदानावरही त्या आठवड्यात ‘पळपुटा’ हाच शब्द कानावर येत होता.

पण त्याचा करार संपलेला होता. जेवढी वर्षं खेळायचं कबूल केलं, तेवढी तो खेळला होता. आणि ज्या शहराने त्याला गद्दार ठरवलं, त्या शहरात हा संघ आला कुठून? १९६७ पासून तो सिअ‍ॅटलचा होता, नाव सुपरसॉनिक्स. १९७९ मध्ये त्याने विजेतेपदही मिळवलं. २००६ मध्ये स्टारबक्सच्या हॉवर्ड शुल्त्झ यांनी तो ओक्लाहोमाच्या उद्योगपतींच्या गटाला विकला. नव्या मालकांनी सिअ‍ॅटलकडे नवं स्टेडियम मागितलं. ते मिळेना, तेव्हा २००८ मध्ये, भाडेकराराची दोन वर्षं शिल्लक असतानाच, साडेचार कोटी डॉलर भरून त्यांनी गाशा गुंडाळला. एक्केचाळीस हंगाम तिकिटं काढणाऱ्या शहराकडे संघाचं नाव आणि रंग तेवढे उरले. ड्युरंट तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, पहिला हंगाम नुकताच संपवलेला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. २०१८ मध्ये एका सराव सामन्यासाठी तो सिअ‍ॅटलच्या त्याच जुन्या स्टेडियममध्ये आला, सुपरसॉनिक्सच्या शॉन केम्पची जर्सी घालून लोकांसमोर उभा राहिला, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

करार संपल्यावर जाण्याचा हक्कही खेळाडूंना कुणी आपणहून दिलेला नाही. त्यासाठी खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असताना ऑस्कर रॉबर्टसनने १९७० मध्ये एनबीएला, म्हणजे हे सगळे संघ जिच्यात खेळतात त्या लीगला, कोर्टात खेचलं. तडजोड व्हायला १९७६ साल उजाडलं. तोवर तो निवृत्तही झाला होता. आजचा प्रत्येक तारा त्या माणसाचं देणं लागतो.

संघाला मात्र करार संपायची वाट पाहावी लागत नाही. २ फेब्रुवारी २०२५, रविवार. आपल्याकडे सकाळ सरत आली होती, सरावानंतर मुली बुटांच्या नाड्या सोडत होत्या, तेव्हा बातमी आली: डॅलसने लुका डोन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं. पंचवीस वर्षांचा मुलगा. आठ महिन्यांपूर्वी त्याने संघाला अंतिम फेरीत नेलं होतं. बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स ख्रिस्टी आणि २०२९ मध्ये नवे खेळाडू निवडताना (ड्राफ्टमध्ये) पहिल्या फेरीतली एक निवड. त्याच्या सत्त्याहत्तर क्रमांकाची निळी जर्सी घालून आलेली माझी एक मुलगी विचारत होती, “ताई, त्याने मागितलं होतं का जायला?” नाही, मागितलं नव्हतं. तो डॅलसमध्येच राहिला असता, तर पुढच्या पाच वर्षांसाठी सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरच्या कराराला पात्र ठरला असता. त्या एका सौद्याने ती पात्रताही गेली.

डॅलसच्या स्टेडियमबाहेर डर्क नोवित्स्कीचा पुतळा आहे. एकाच संघात एकवीस हंगाम खेळलेला हा जर्मन खेळाडू, २०११ चं विजेतेपद मिळवून देणारा, संघाला इतर चांगले खेळाडू घेता यावेत म्हणून स्वतः कमी पैशांत राहिलेला. त्याच्या पुतळ्याखाली निष्ठेचा गौरव करणारी ओळ कोरलेली आहे. लुकाच्या बातमीनंतर चाहते शवपेटी घेऊन जमले ते त्याच पुतळ्यापाशी. एप्रिलमध्ये लुका पाहुण्यांच्या जर्सीत डॅलसला आला, पडद्यावर स्वतःच्या आठवणी बघताना रडला, आणि मग त्याने पंचेचाळीस गुण केले. त्या रात्री त्या शहरात कोणाची निष्ठा कमी पडली होती, हे मला कुणी सांगावं.

याला एक उत्तर दिलं जातं आणि ते खोटं नाही. टोरांटोने २०१८ मध्ये नऊ हंगाम खेळलेल्या डिमार डीरोझनला सोडलं, काव्हाय लेनर्डला आणलं आणि पुढच्याच वर्षी विजेतेपद जिंकलं. जिंकण्यासाठी संघ असे निर्णय घेतो, हे प्रशिक्षक म्हणून मला समजतं. मग जिंकण्यासाठी खेळाडूने घेतलेला निर्णयही समजून घ्यायला हवा. त्याच उन्हाळ्यात लेनर्ड क्लिपर्सकडे गेला, करारातच असलेला बाहेर पडण्याचा पर्याय वापरून, हक्काने. चालू करारात रुसून बसणारे मात्र मला पटत नाहीत. जेम्स हार्डनने ह्यूस्टन, ब्रुकलिन आणि फिलाडेल्फिया ज्या पद्धतीने सोडलं, ते माझ्या मुलींनी कधी शिकू नये. सही केली की निभवायचं. फक्त हा नियम दोन्ही बाजूंना लागू हवा.

मालकाला शहराशी इमान राखता येतं, हेही मी पाहिलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले. किंग्ज हरले, पण मी टाळ्या वाजवत होते त्यांच्यासाठी. २०१३ मध्ये हा संघ विकून सिअ‍ॅटलला न्यायचं जवळपास ठरलं होतं. तेव्हा मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे आणि त्यांच्या साथीदारांनी तो विकत घेतला आणि सॅक्रामेंटोतच ठेवला. महापौर केव्हिन जॉन्सन, स्वतः जुने एनबीए खेळाडू, त्यासाठी झटले. नव्या स्टेडियमसाठी शहरानेही पैसा घातला.

चांगल्या मालकाच्या भरवशावर मात्र खेळाडूंना सोडता येणार नाही. सौदा नाकारण्याचा अधिकार एनबीएत करारात लिहून घेता येतो, पण त्यासाठी लीगमध्ये आठ वर्षं आणि त्याच संघात चार वर्षं झालेली असावी लागतात. त्यानंतरही मालक तयार झाला तरच. तो मिळालेले खेळाडू अगदी मोजके. अमेरिकन बेसबॉलमध्ये दहा वर्षं लीगमध्ये आणि सलग पाच वर्षं एका संघात काढलेल्या खेळाडूला हा अधिकार आपोआप मिळतो. बास्केटबॉलमधली कारकीर्द लहान असते. इथे एकाच संघात सलग पाच हंगाम पुरे मानावेत, म्हणजे डीरोझनला आणि लुकाला आधी विचारावं लागलं असतं. सध्याचा सामूहिक करार २०२९-३० च्या हंगामापर्यंत आहे. पुढच्या वाटाघाटींत खेळाडूंच्या संघटनेने पैशांच्या आधी ही मागणी ठेवावी.