नायगावात करसल्लागाराची पाटी

प्राप्तिकराचे विवरणपत्र, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'रिटर्न', दुसऱ्यासाठी भरून देण्याला भारतात वेगळा परवाना लागत नाही. संगणक, इंटरनेट आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी एवढ्या भांडवलावर नांदेड जिल्ह्यातील नायगावसारख्या तालुक्याच्या गावी कोणालाही हे काम सुरू करता येते, आणि बी.कॉम. होऊन स्वतःची पाटी लावू पाहणाऱ्या तरुणाची अडचणही या मोकळिकीतच आहे; कारण जे काम कोणीही करू शकतो त्याची फी नेमकी कशाबद्दल घ्यायची, हा प्रश्न त्याच्यापुढे पहिल्या गिऱ्हाइकाबरोबरच उभा राहतो.

परवान्याची गरज पुढच्या पायरीवर लागते. करदात्याच्या वतीने अधिकाऱ्यासमोर उभे राहणाऱ्याला 'प्राधिकृत प्रतिनिधी' म्हणतात, आणि १९६१च्या प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम २८८ने हा अधिकार वकील व सनदी लेखापालांबरोबरच नियमांनुसार वाणिज्य शाखेच्या पदवीधरालाही दिला होता. कर लेखापरीक्षण मात्र सनदी लेखापालाचेच काम राहिले. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत २०१७च्या नियम ८३खाली 'जीएसटी प्रॅक्टिशनर' म्हणून नोंदणी करावी लागते व परीक्षा द्यावी लागते. शिवाय १९७५च्या राज्य कायद्याने लावलेला व्यवसाय कर, जो रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी आला, त्याच्या अनुसूचीत करसल्लागाराचा नावानिशी उल्लेख असल्यामुळे इतरांचे कर भरू पाहणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये आधी स्वतःचे भरावे लागतात.

फीच्या प्रश्नाला सरकारने एकदा स्वतःच उत्तर दिले होते. २००६च्या 'टॅक्स रिटर्न प्रिपेअरर' योजनेत प्रशिक्षित पदवीधराने नव्या करदात्याचे रिटर्न भरले, तर त्या करदात्याने भरलेल्या कराच्या पहिल्या वर्षी ३, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी १ टक्का एवढी रक्कम, कमाल १,००० रुपयांपर्यंत, सरकार त्याला देत असे, आणि ही रक्कम २५० रुपयांहून कमी भरली तर उरलेला फरक करदात्याकडून घेता येई. एवढ्यावर घर चालणे अवघड होते, पण योजनेमागचा विचार खरा होता: कर जितका अधिक भरला जाई तितकी रिटर्न भरून देणाऱ्याची कमाई वाढत असे. बाजाराने नेमके उलटे केले आणि फी परताव्याला, म्हणजे 'रिफंड'ला, जोडली. शिक्षक आणि सरकारी नोकर हे तालुक्याच्या गावातील सर्वांत सोपे गिऱ्हाईक. त्यांच्या फॉर्म १६मध्ये नसलेली घरभाड्याची, देणगीची किंवा उपचाराची वजावट दाखवायची, परतावा काढायचा आणि त्यातला हिस्सा घ्यायचा, अशी ही रीत आहे. जुलै २०२५मध्ये प्राप्तिकर विभागाने अशा मध्यस्थांविरुद्ध देशभर मोहीम काढली, तेव्हा घाऊक रिटर्नसाठी काढलेले आणि नंतर सोडून दिलेले ईमेल पत्ते आढळले, म्हणजे विभागाची नोटीस करदात्याला कधी दिसणारच नव्हती. पाटी लावणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या खात्यात त्याचाच मोबाइल आणि ईमेल ठेवावा, ही सूचना म्हणूनच क्षुल्लक नाही.

मराठवाड्यातील खरे शिक्षण मात्र मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारात, होते. शेतकऱ्याचा माल विकून देऊन त्यावर आडत घेणाऱ्याच्या सेवेवर, माल शेतीचा असल्यामुळे, जीएसटी नाही. पण दलालीचे उत्पन्न असल्याने, उलाढालीवरून नफा सरसकट गृहीत धरण्याची, १९६१च्या प्राप्तिकर अधिनियमातील कलम ४४एडीची सवलतही त्याला नाही. तोच आडत्या दुपारनंतर स्वतःच्या नावावर सोयाबीन घेऊन तेलगिरणीला विकतो, तेव्हा तो व्यापारी होतो आणि बियाण्याखेरीजच्या सोयाबीनवर ५ टक्के जीएसटी लागू होतो. कापसात आणखी वेगळे: शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदारालाच, म्हणजे जिनिंगवाल्याला, तो कर भरावा लागतो, ज्याला 'रिव्हर्स चार्ज' म्हणतात. एकाच गादीवर चालणाऱ्या आडत आणि व्यापार या दोन व्यवसायांच्या वह्या वेगळ्या ठेवून देणे, दर महिन्याचे वा तिमाहीचे विवरण वेळेवर टाकणे आणि त्याची ठरीव फी आधी सांगून घेणे, हे जुलैमधल्या रिटर्नच्या गर्दीपेक्षा कितीतरी टिकाऊ काम आहे. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या नव्या प्राप्तिकर अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुने आणि नवे दोन्ही क्रमांक काही वर्षे तोंडपाठ ठेवावे लागतील.

उरतो शेतीच्या उत्पन्नाचा मोह. हे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे दुकानाची हिशेबाबाहेरची रोकड त्यात घालून द्या, किंवा बँकेचे कर्ज मिळावे म्हणून सोयाबीनचा आकडा फुगवा, अशी मागणी नवख्याकडे येतेच. ५,००० रुपयांपुढचे शेती उत्पन्न, इतर उत्पन्न करपात्र मर्यादेपलीकडे असल्यास, कराचा दर ठरवण्यासाठी धरले जाते हे गिऱ्हाइकाला बहुधा ठाऊक नसते. ते ५ लाखांपुढे गेले, की विवरणपत्र जिल्हा आणि पिनकोड, जमीन किती एकर, मालकीची की खंडाची आणि बागायती की कोरडवाहू, हेही विचारते. त्यामुळे मोजक्या कोरडवाहू एकरांवर दाखवलेल्या लाखांचा मेळ सात-बाराशी कसा बसवणार, हे विचारण्याचे काम फी घेणाऱ्याचेच आहे, आणि ते आकडा भरण्याच्या आधी करायचे असते.