साक्षीदार बिनकामाचे नसतात

'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथांची मालिका १९६३ साली सुरू झाली, मधे काही वर्षं बंद पडली आणि २००५ पासून पुन्हा चालू झाली. तिचा 'डीमन्स ऑफ द पंजाब' हा भाग ११ नोव्हेंबर २०१८ रोजी ब्रिटनमध्ये दाखवला गेला. विषय १९४७ ची फाळणी. भाग पुष्कळांना आवडला. पण तेव्हापासून आजपर्यंत त्याच्याबद्दल तीन तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात, आणि मला त्या तिन्हींशी भांडायचं आहे. पहिली, ही विज्ञानकथा नाही, इतिहासाचा तास आहे. दुसरी, यातले परग्रहवासी काहीच करत नाहीत, ते नसते तरी चाललं असतं. तिसरी, 'सर्वांना सामावून घेण्याच्या' हट्टापायी हा विषय मालिकेत ओढूनताणून घुसडलाय. भाग आवडलेल्यांपैकी काहींशीही माझं भांडण आहे. ते शेवटी.

ज्यांनी भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. डॉक्टर हे काळातून प्रवास करणारं पात्र. या वेळी प्रथमच ते एका स्त्रीने, जोडी व्हिटेकरने केलं. तिच्यासोबत फिरणारी यास्मिन खान ही शेफील्डची, पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी. यास्मिनची नानी उमब्रीन आपल्या वाढदिवशी तिला एक बंद पडलेलं घड्याळ देते, पण त्याची गोष्ट सांगत नाही. कुतूहलापोटी यास्मिन ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात जाऊन पोचते. तिथे तरुण उमब्रीनचं लग्न ठरलंय, पण यास्मिनच्या नानांशी नाही. नवरामुलगा प्रेम नावाचा हिंदू शेतकरी आहे, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. गावात दोन भयानक चेहऱ्याचे परग्रहवासी दिसतात आणि लग्न लावायला निघालेल्या साधूचा मुडदा सापडतो. आपण समजतो, खुनी हेच.

ते खुनी नसतात. थिजेरियन हे एके काळी मारेकऱ्यांची जमात म्हणून कुप्रसिद्ध होते. पण हे दोघं दूर असताना त्यांचा ग्रह नष्ट झाला, आणि आपली माणसं मरताना बघायलासुद्धा कोणी उरलं नाही. तेव्हापासून त्यांनी धंदा सोडला. आता जिथे जिथे कोणी एकटं, बेदखल मरतं, तिथे जाऊन ते फक्त उभे राहतात. साधूला मारलेलं असतं प्रेमच्या धाकट्या भावाने, मनीषने. पत्रकं वाचून आणि रेडिओवरची संतापलेली भाषणं ऐकून त्याचं डोकं फिरलेलं आहे. तोच हत्यारबंद टोळी बोलावतो आणि प्रेम मारला जातो. डॉक्टर त्याला वाचवत नाही, कारण प्रेम जगला तर यास्मिन जन्मालाच येणार नाही.

आता पहिली तक्रार. 'इतिहासाचा तास' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आपल्याच लाडक्या मालिकेचा इतिहास ठाऊक नाही. डॉक्टरबरोबर प्रवासाला निघालेली पृथ्वीवरची पहिली दोन माणसं शाळेतले शिक्षक होते, एक इतिहासाची बाई आणि एक विज्ञानाचे सर. मुलांना दोन्ही विषयांची गोडी लागावी, हाच त्यामागचा हेतू होता. १९६४ साली 'मार्को पोलो' आणि 'दि अॅझ्टेक्स' या कथा आल्या, त्यांत एकही राक्षस नाही. 'दि अॅझ्टेक्स'मध्ये इतिहासाची बाई नरबळीची प्रथा थांबवायचा जिवापाड प्रयत्न करते आणि हरते. म्हणजे 'डॉक्टर काही का करत नाही' या प्रश्नालाही तेव्हाच हात घालून झाला होता. शिक्षक म्हणून मला आणखी एक विचारायचंय. करमणुकीत इतिहास आला की तुम्हाला तास आठवतो. पण तुमच्या शाळेत या विषयाचा तास झाला होता का? हा भाग पाहिल्यावर अनेक ब्रिटिश प्रेक्षकांनीच कबूल केलं की फाळणीबद्दल आम्हाला शाळेत कोणी काही शिकवलं नाही. जो तास झालाच नाही, त्याचा कंटाळा कसा येतो?

तिसरी तक्रार आधी घेते, कारण तिचं उत्तर सोपं आहे. हिंदुस्थानी माणूस या मालिकेत २०१८ साली घुसडला, असं ज्यांना वाटतं त्यांनी अगदी पहिल्या भागाची श्रेयनामावली वाचावी. २३ नोव्हेंबर १९६३ ला दाखवल्या गेलेल्या त्या भागाचे दिग्दर्शक होते वारिस हुसैन. वय २४, जन्म लखनौचा. 'मार्को पोलो'चे बहुतेक भागही त्यांचेच. त्यांच्या आई अतिया हुसैन यांनी १९६१ मध्ये 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही कादंबरी लिहिली, लखनौच्या एका तालुकदार घराण्याची आणि ते फाळणीने कसं दुभंगलं त्याची. मालिकेच्या पहिल्या भागाच्या दिग्दर्शकाच्या घरातच फाळणी होती. विनय पटेल या गुजराती वंशाच्या ब्रिटिश लेखकाने ती पडद्यावर आणेपर्यंत ५५ वर्षं गेली. याला घुसडणं म्हणत नाहीत, उशीर म्हणतात.

तारीखही ध्यानात घ्या. ११ नोव्हेंबर हा ब्रिटनमध्ये युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या वर्षी पहिलं महायुद्ध थांबल्याला शंभर वर्षं झाली होती आणि घरोघरी लोक छातीवर लाल पॉपी लावून बसले होते. त्याच संध्याकाळी त्यांना दाखवला गेला प्रेम, ब्रिटनसाठी लढलेला आणि भाऊ गमावलेला सैनिक. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजेत सुमारे २५ लाख माणसं होती. ती परत आली तेव्हा त्यांच्या शेतातून रेघ ओढली गेली. रेघ ओढणारे सिरिल रॅडक्लिफ याआधी कधी हिंदुस्थानात आलेले नव्हते. जुलै १९४७ मध्ये आले, पाच आठवड्यांत काम उरकलं, आणि सीमा जाहीर झाली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. उमब्रीनचं आणि प्रेमचं लग्न त्याच रेघेवर लागतं.

भागात उणिवा नाहीत असं मी म्हणत नाही. पंजाबची गोष्ट आणि मुख्य पात्रांत एकही शीख नाही, ही मोठी चूक आहे. रेघ ओढणारा गोरा माणूस कथेत दिसत नाही, त्यामुळे ब्रिटिश प्रेक्षक फारच स्वस्तात सुटतो. या दोन तक्रारी करणाऱ्यांच्या मी बाजूने आहे. पण 'परग्रहवासी काही करत नाहीत' ही तक्रार वेगळी आहे. ती त्या भागाबद्दल कमी आणि आपल्या काळाबद्दल जास्त सांगते.

ज्याने मारलं तो महत्त्वाचा, ज्याने वाचवलं तो महत्त्वाचा. ज्याने नुसतं पाहिलं तो बिनकामाचा. हा हिशेब आपण गोष्टींमधूनच शिकलो. माझ्या परंपरेत हिशेब वेगळा आहे. 'शहादत' हा शब्द घ्या. उर्दूत त्याचा अर्थ हौतात्म्य, आणि साक्ष हाही. एकाच अरबी धातूतून दोन्ही आले. प्राण देणारा आणि गवाही देणारा यांना भाषेने एकाच घरात ठेवलंय. आपल्या घरात कोणी शेवटच्या घटका मोजत असलं की उशाशी कोणी ना कोणी बसतं, यासीन पढतं, हळू आवाजात कलमा ऐकवतं. त्याने माणूस वाचत नाही, हे बसणाऱ्यालाही कळतं. तरी त्याला एकटं सोडत नाहीत.

आणि जनाज्याची नमाज? तिच्यात ना रुकू, ना सजदा. फक्त उभं राहायचं. ती फर्ज-ए-किफाया आहे. म्हणजे वस्तीतल्या काही जणांनी पढली तर सगळ्यांची जबाबदारी फिटते. कोणीच पढली नाही, तर गुनाह सगळ्या वस्तीच्या माथी. फाळणीत लाखो माणसं मेली. नेमका आकडा कोणालाच देता आला नाही, अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. ही जी मधली लाखोंची दरी आहे ना, ती जनाजा न झालेल्या, चिता न मिळालेल्या माणसांची आहे. त्यांना मोजायलाही कोणी उभं नव्हतं. ते फर्ज कोणाच्याही खात्यावरून अजून उतरलेलं नाही. थिजेरियन येऊन उभे राहतात ते याच मोकळ्या जागेत. त्यांना बिनकामाचं म्हणणाऱ्याने आपण स्वतः कोणासाठी उभे राहिलो ते सांगावं.

आता भाग आवडलेल्यांकडे वळते. आपल्यातल्या काहींना तो आवडला कारण यात खुनी हिंदू आहे. आणि काही हिंदू प्रेक्षक रागावले, तेही याच कारणाने. दोघांनी भाग सारखाच चुकीचा पाहिला. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या गावांवर चालून गेलेल्या टोळ्या मुसलमानांच्या होत्या. थोहा खालसा गावात शीख बायकांनी इज्जतीसाठी विहिरीत उड्या घेतल्या, त्या आपल्या नावाच्या माणसांना भिऊन. ऑगस्टमध्ये पूर्व पंजाबात मुसलमानांचे काफिले कापले गेले, ते शीख आणि हिंदू टोळ्यांकडून. गोष्टीला एकच घर लागतं, म्हणून खुनी एकच असतो. रेघेच्या पलीकडे दुसरं घर घेतलं असतं तर मनीषचं नाव मन्सूर असतं. ज्याला तो भाग पाहताना हे नाव बदलून बघता आलं नाही, त्याने परग्रहवासी पाहिले, माणूस पाहिलाच नाही.

पंजाब आपल्यापासून लांब आहे, असं मराठी वाचक म्हणतील. पण एका वर्षाने, सप्टेंबर १९४८ मध्ये, निजामाचं राज्य संपलं. त्याआधी रझाकारांनी मराठवाड्यातल्या हिंदू गावांवर जुलूम केले. पोलीस ॲक्शननंतर सूड उगवला गेला तो बहुतेक अशा गरीब मुसलमानांवर, ज्यांचा रझाकारांशी संबंधही नव्हता. पंडित सुंदरलाल समितीने कमीत कमी म्हणून २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावं लिहिली. तो अहवाल कित्येक दशकं दडपून ठेवला गेला. आपल्यात मात्र अजूनही दोन याद्या वेगवेगळ्या वाचल्या जातात. एका घरात रझाकारांनी मारलेले आठवतात, दुसऱ्या घरात पोलीस ॲक्शनमध्ये मेलेले. दोन्ही याद्या एका बैठकीत वाचणारं घर मला फार कमी भेटलं.

भागाच्या शेवटी नानी यास्मिनला घड्याळाची गोष्ट सांगायला तयार होते आणि यास्मिन म्हणते, आता नको, नंतर कधीतरी. तिला ते परवडतं, ती सगळं डोळ्यांनी पाहून आलेली आहे. आपल्याकडे कालयंत्र नाही. १९४८ पाहिलेली, त्या वेळी समज आलेली माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत, आणि त्यांना आपण रोज 'नंतर कधीतरी' म्हणतो. ती विचारल्याशिवाय बोलत नाहीत, आणि विचारलं तरी आधी आपला चेहरा बघतात, की हा ऐकायला आलाय की हिशेब चुकवायला. विचारा. आपल्या घरातल्यांना विचारा आणि शेजारच्या घरातल्यांनाही. वाचवायची वेळ केव्हाच निघून गेली. उभं राहण्याची अजून गेलेली नाही.