पेढीचे डोमेन कोणाच्या नावे?

डोमेन नेम कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीने, एका वेळी फार तर 10 वर्षांसाठी, नोंदवून मिळते. पुष्कळ व्यापारी हे काम संकेतस्थळ तयार करून देणाऱ्यावर सोपवितात आणि तो स्वतःच्याच नावे, स्वतःच्याच ई-मेलवर नोंदणी करून मोकळा होतो. पुढे मतभेद झाले की पेढीचे नाव त्याच्या मुठीत. दुकानाचा भाडेकरार कोणी नोकराच्या नावे करील काय? नोंदणीधारक पेढी अथवा मालकच असावा, आणि नूतनीकरणाची सूचनाही त्याच्याच ई-मेलवर यावी. मुदत टळून ‘डॉट कॉम’ नाव नोंदवहीतून वगळले गेले, तर ते जादा शुल्क भरून सोडविण्यास 30 दिवस मिळतात. पुढे ते कोणीही घ्यावे.

सत्यम इन्फोवेच्या ‘सिफी’ नावाशी मिळतेजुळते नाव दुसऱ्या कंपनीने नोंदविले, तेव्हा 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नेमला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मान्य केले. ‘डॉट इन’चे तंटे निक्सीच्या धोरणानुसार लवादाकडे जातात. मात्र तेथे नावावरील आपला हक्क दाखवावा लागतो. व्यापारचिन्ह नोंदविलेले नसल्यास जुनी बिले, जाहिराती हाच आधार. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत देण्याची घाई करू नये.