उसन्या सोन्याचे सीमोल्लंघन

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी दारी नवे वाहन यावे, ही इच्छा स्वाभाविकच आहे. आजच्या तरुणाला स्पोर्ट्स कारची ओढ वाटते, यातही आम्हांस गैर काही दिसत नाही. प्रश्न आहे तो मार्गाचा. द.सा.द.शे. 10 दराने 7 वर्षांसाठी 20 लाखांचे कर्ज काढले, तर मासिक हप्ता सुमारे 33,200 रुपये पडतो आणि अखेरीस जवळजवळ 7,89,000 रुपये केवळ व्याजापोटी जातात. गाडीचे मोल मात्र वर्षागणिक उतरतच असते. तीच रक्कम आधी 3 वर्षे दरमहा बँकेत साठविली, तर व्याज न धरताही सुमारे 12 लाख हाती येतात. ज्याला एवढे साठविणे जमत नाही, त्याला हप्ता तरी कसा पेलणार?

आपट्याच्या पानांमागील कथेत कुबेराने सुवर्णवृष्टी केली. तरीही कौत्साने गुरुदक्षिणेपुरत्या 14 कोटी मुद्राच घेतल्या. ऐपतीची सीमा ओलांडणे हे सीमोल्लंघन नव्हे. यंदा सोने देताना वडीलधाऱ्यांनी मुलांना ही कथाही आवर्जून सांगावी, असे आम्हांस वाटते.