देव्हाऱ्यातली शिवराई

आजीच्या देव्हाऱ्यातली तांब्याची शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं जुनं नाणं, माझ्याकडे आली, तेव्हा नातेवाइकांचे सल्ले दोनच: चिंचेने घासून लख्ख कर आणि विकून लाखो मिळव. यातला पहिला तर घातकच. घासल्याने वर्षानुवर्षांचा काळपट थर जातो, आणि जुनेपणाची साक्ष तोच देतो. खरी की नकली हे ठरवायला मी आधी भिंगाखाली कड पाहिली. ओतीव नकलेत बारीक छिद्रं असतात, कडेला सांध्याची रेघ दिसते. इथे काठ ठोक्याने चिरलेला होता. एकीकडे ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, तेही अर्धवट. ठसा मोठा नि चकती लहान असली की असंच होतं. अक्षरं पूर्ण आणि रेखीव दिसली, तरच मला संशय येतो. मात्र अस्सल शिवराई म्हणजे महाराजांच्याच काळातली, असं घरच्यांना सांगू नये. ती पेशवाईतही पाडली जात होती.